फाइल दिसते, पण उघडत नाही: अडकलेला मराठी मजकूर सोडवायचा कसा

लक्षण असं असतं. फाइल समोर आहे, नाव बरोबर आहे, तारीख बरोबर आहे, पण ती उघडते फक्त एकाच ठिकाणी: त्याच कॉम्प्युटरवर, त्याच खात्यातून, त्याच सॉफ्टवेअरमध्ये, तेही नेट चालू असेल तर. यातलं एक जरी सुटलं तरी ती उघडत नाही, किंवा उघडते आणि आत भलतंच दिसतं. इंदूरला गणेशोत्सवाच्या आधी स्मरणिका निघतात, दिवाळीच्या आधी अंक निघतात, मार्चमध्ये मंडळांचे हिशेब मिटवायचे असतात. दर वर्षी या तिन्ही वेळी रामबागेपासून राजेंद्र नगरपर्यंत कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. व्हायरस आला, पेनड्राइव्ह गेला, फाइल करप्ट झाली, अशी धास्ती घेऊन लोक बोलतात. बहुतेक वेळा फाइल ठणठणीत असते. ती एखाद्या कंपनीच्या कुंपणाच्या आत असते आणि आपण बाहेर उभे असतो.

माझं मत आधीच सांगते, कारण पुढची सगळी खटपट त्याच्यासाठी आहे. जी फाइल लॉगिन, लायसन्स किंवा नेट न मागता उघडते तीच आपल्या ताब्यातली. बाकीच्या फाइली आपणच लिहिलेल्या असल्या तरी त्या कधी आणि कुठे उघडतील हे दुसरं कुणीतरी ठरवतं. आपल्याकडे मराठीतून टाइप करणारी माणसं आधीच मोजकी. एखाद्या आजोबांनी लिहून घेतलेल्या वाड्याच्या आठवणी किंवा मंडळाची जुनी सभासद यादी एकदा अडकली, की ती पुन्हा टाइप करायला कुणी बसत नाही. ती तशीच जाते. हे मला अजिबात मान्य नाही, म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

आधी साइज आणि आडनाव पाहा

फाइलच्या नावात टिंबानंतर जे येतं त्याला मी फाइलचं आडनाव म्हणते. विंडोज ते लपवून ठेवतं. एक्सप्लोरर उघडा, वरच्या 'व्ह्यू' मेनूत 'शो' आणि त्यात 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' वर खूण करा. मग फोल्डर 'डिटेल्स' मध्ये पाहा, म्हणजे साइजही दिसेल.

आता निदान सोपं होतं. साइज जेमतेम एक केबी असेल आणि आडनाव जीडॉक किंवा जीशीट असेल, तर तुमच्या हातात मजकूर नाही, मजकुराचा पत्ता आहे. फाइलच्या नावाशेजारी निळ्या ढगाची खूण असेल, तर फाइल या मशीनवर उतरलेलीच नाही. फाइल उघडते पण मराठीऐवजी रोमन अक्षरांचा पसारा दिसतो, तर भानगड फॉन्टची आहे. आडनाव कधी न ऐकलेलं असेल, तर ते एखाद्या हिशेबाच्या किंवा ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरचं स्वतःचं आहे. चौघांचे उपाय वेगळे आहेत. एकाचा उपाय दुसऱ्याला लावलात तर वेळ जाईल, आणि एखाद्या ठिकाणी डेटाही जाईल.

एक केबीची फाइल

स्मरणिकेचे लेख हल्ली गूगल डॉक्समध्ये जमा होतात. ते सोयीचंही आहे, चार जण एकाच वेळी प्रूफ वाचू शकतात. पण कॉम्प्युटरवर गूगल ड्राइव्ह बसवला असेल तर त्याच्या फोल्डरमध्ये हे लेख फाइलीसारखे दिसतात आणि लोक अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर ओढून प्रेसवाल्याकडे जातात. तिथे एकही लेख उघडत नाही. त्या छोट्याशा फाइलीत फक्त डॉक्युमेंटचा ओळख-क्रमांक असतो. लेख कंपनीच्या सर्व्हरवर असतो आणि तिथपर्यंत जायला तुमचंच लॉगिन लागतं.

लेख मोजके असतील तर एकेक उघडा, 'फाइल' मेनूत 'डाउनलोड' वर जा आणि ओडीटी किंवा डॉक्सएक्स निवडा. ओडीटी हा ओपनडॉक्युमेंटचा प्रकार, २००६ मध्ये तो आयएसओ मानक झाला. डॉक्सएक्स ज्या मानकात बसतो ते २००८ मध्ये झालं. दोन्ही लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. लिब्रेऑफिस हे मायक्रोसॉफ्ट ऑफिससारखंच सॉफ्टवेअर आहे, आणि फुकट आहे. एखाद्या सेवेत फाइलीची अशी प्रत उतरवून घ्यायची सोय नसेल तर त्या सेवेत अंकाचं काम सुरूच करू नका, हा माझा आग्रह आहे.

लेख ढीगभर असतील तर गूगल टेकआउट वापरा, म्हणजे खात्यातला सगळा मजकूर एकदम उतरवून देणारी गूगलचीच सोय. २०११ पासून ही सोय आहे. 'डीसिलेक्ट ऑल' करून फक्त ड्राइव्ह निवडा, नाहीतर फोटो, यूट्यूब, सगळंच गोळा होतं. तयार झालेलं गाठोडं उतरवायला साधारण सात दिवस मिळतात, त्यानंतर लिंक चालत नाही. म्हणून मेल आला की त्याच दिवशी उतरवा. साइज मोठी असेल तर गाठोड्याचे तुकडे होतात, ते सगळे आले का ते मोजा. ज्या फाइली दुसऱ्याच्या मालकीच्या आहेत आणि तुम्हाला नुसत्या 'शेअर्ड विथ मी' मध्ये दिसतात, त्या यात येतील असं धरून चालू नका. त्या वेगळ्या उतरवून घ्या.

हा मालकीचा मुद्दा आपल्याकडे फार नडतो. मंडळाचे सचिव स्वतःच्या खासगी खात्यातून फोल्डर बनवतात, सगळ्यांना लिंक देतात, आणि तीन-चार वर्षं सुरळीत चालतं. मग कार्यकारिणी बदलते. फोल्डर मात्र जुन्या सचिवांच्या खात्यातच राहतं, त्यांच्याच जागेतून खर्च होत राहतं, आणि त्यांनी एक दिवस जागा मोकळी करायला जुनं काही पुसलं की सगळ्यांकडून पुसलं जातं. कुणी वारलं तर आणखी अवघड. गूगलच्या नियमानुसार वैयक्तिक खातं दोन वर्षं वापरलं नाही तर ते मजकुरासकट काढून टाकलं जाऊ शकतं, आणि डिसेंबर २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू आहे. घरातल्या ज्येष्ठांच्या खात्यात 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आजच भरून घ्या. तीन ते अठरा महिन्यांतली मुदत निवडता येते, आणि तेवढे दिवस खातं निपचित राहिलं तर मुलाला किंवा पुतणीला मजकूर उतरवून घ्यायची परवानगी मिळते. मंडळासाठी मंडळाच्याच नावाचं वेगळं खातं काढा आणि अंक छापून झाला की सगळ्या लेखांची प्रत हार्ड डिस्कवर घ्या. कार्यभार सोपवताना कपाटाच्या किल्ल्यांसोबत ती डिस्कही हातात द्या.

निळा ढग

विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचं खातं टाकून मशीन सुरू केलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तीन फोल्डर वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरच्या जागेत (यालाच ढग किंवा क्लाउड म्हणतात), नेण्याची व्यवस्था असते. बऱ्याच जणांना आपण याला हो म्हटलंय हेच ठाऊक नसतं. फुकटची जागा ५ जीबी. लग्नाचे फोटो डेस्कटॉपवर टाकले की ती भरते आणि मग जागा विकत घ्या अशा सूचना सुरू होतात. दरम्यान जुन्या फाइली 'फक्त ऑनलाइन' होतात: नाव दिसतं, शेजारी निळा ढग असतो, आणि नेट गेलं की उघडत नाहीत. हिरव्या रंगात बरोबरची खूण असलेली फाइल मशीनवर उतरलेली असते.

इथे क्रम चुकवू नका. रागाच्या भरात लोक आधी वनड्राइव्ह काढून टाकतात किंवा त्या फोल्डरमधलं सगळं पुसून जागा करतात. तिथून पुसलं की ढगातूनही पुसलं जातं. आधी वनड्राइव्हच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि सगळे ढग जाऊन हिरव्या खुणा येईपर्यंत थांबा. नेट हळू असेल तर रात्रभर चालू द्या. मग तो मजकूर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. डिस्क नसेल तर जेल रोडच्या नॉव्हेल्टी मार्केटमध्ये किंवा सिल्व्हर मॉलमध्ये मिळेल, एक टीबीची पुष्कळ झाली. कॉपी झाल्यावर नेट बंद करा आणि डिस्कवरच्या पाच-सहा फाइली उघडून बघा. एखादा फोटो, एखादं पत्र, एखादा हिशेब, सगळ्या प्रकारच्या. त्या उघडल्या की मग वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये 'सिंक अँड बॅकअप', 'मॅनेज बॅकअप' इथे जाऊन तिन्ही फोल्डर बंद करा. बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नका. फाइली वनड्राइव्ह नावाच्या फोल्डरच्या आतल्या डेस्कटॉपमध्ये असतात, तिथून साध्या डेस्कटॉपवर हलवायच्या. आणि चुकून काही पुसलंच असेल तर वैयक्तिक खात्याच्या ऑनलाइन रिसायकल बिनमध्ये ते ३० दिवस सापडतं.

मोठ्या अपडेटनंतर हीच व्यवस्था सुरू करायची सूचना पुन्हा समोर येऊ शकते. आजार उलटतो तो इथेच. 'नंतर' किंवा 'नाही' चं बटण लहान आणि फिकं असलं तरी ते शोधा, घाईत निळं बटण दाबू नका.

कंपन्या हे का करतात ते उघड आहे. जे आधीपासून चालू असतं ते बहुतेक लोक बदलत नाहीत. या सवयीवर केवढा धंदा चालतो याचा अंदाज आपल्याच देशातल्या एका निर्णयावरून येतो: मोबाइलमध्ये स्वतःची ॲप्स आधीच बसवून घेण्याच्या अटींसह अँड्रॉइडच्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने आयोगाचे काही निर्देश रद्द केले, पण दंड कायम ठेवला. ग्राहकाच्या हाती मात्र अजून फारसं काही नाही. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या कायद्यात स्वतःचा डेटा वापरता येईल अशा स्वरूपात मागून दुसरीकडे नेण्याचा हक्क आहे. आपल्याकडे २०१९ च्या विधेयकात तो होता, २०२३ मध्ये जो कायदा झाला त्यात तो राहिला नाही. माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा, पुसून घेण्याचा हक्क आहे. उचलून दुसरीकडे नेण्याचा नाही. तो असायलाच हवा होता.

मराठीच्या जागी रोमन अक्षरं

आता सगळ्यात जुनं आणि सगळ्यात चिवट दुखणं. क्लाउड वगैरे यायच्या कितीतरी आधीपासून मराठी मजकूर एकेका कंपनीच्या फॉन्टमध्ये अडकलेला आहे, आणि इंदूरसारख्या गावात तो दुहेरी अडकला आहे. इथल्या टायपिंग सेंटरांवर हिंदीसाठी कृतिदेव चालतो, म्हणून मराठी लेखही कृतिदेवात टाइप होत आले. पुण्याहून सॉफ्टवेअर आणलेल्यांकडे मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी. कुणाकडे सी-डॅकचे डीव्ही-टीटी योगेश, सुरेख. प्रत्येकाची अक्षरजोडणी निराळी, एकाचा मजकूर दुसऱ्यात वाचता येत नाही.

कारण समजून घेतलं की उपाय आपोआप कळतो. कृतिदेवात तुम्ही 'भारत' टाइप करता तेव्हा फाइलीत भ, र, त यांपैकी काहीही साठत नाही. साठतात पाच इंग्रजी अक्षरं: एच, के, के, जे, आर. कृतिदेव फॉन्टमध्ये एचच्या जागी अर्ध्या भचं चित्र आहे, केच्या जागी कान्याचं, जेच्या जागी रचं, आरच्या जागी तचं. म्हणून पडद्यावर 'भारत' दिसतं. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की ती पाच अक्षरं जशीच्या तशी समोर येतात. सर्च केलं तर 'भारत' सापडणार नाही, मोबाइलवर पाठवलं तर वाचता येणार नाही, अक्षरक्रमाने लावलं तर यादी वेडीवाकडी लागेल.

युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे, आणि विंडोज २००० पासून विंडोजमध्ये ती चालते. म्हणजे पंचवीसेक वर्षं सुटकेचा रस्ता उघडा आहे. तरीही आजची नवी स्मरणिका जुन्या फॉन्टात टाइप होते, कारण प्रेसवाल्याची सगळी घडी त्या फॉन्टावर बसलेली असते. त्याला दोष देऊन उपयोग नाही. त्याला छपाई त्या फॉन्टात करू दे, पण मूळ लेख आपण युनिकोडमध्ये ठेवायचे आणि त्याच्याकडून शेवटची दुरुस्त प्रत परत मागून घ्यायची. काम देतानाच हे ठरवा, पैसे चुकते झाल्यावर कुणी ऐकत नाही.

जुना मजकूर सोडवायची माझी पद्धत अशी. फाइल लिब्रेऑफिस रायटरमध्ये उघडा आणि मजकूर सिलेक्ट करून वरच्या फॉन्टच्या चौकटीत नाव वाचा. फॉन्ट मशीनवर नसला तरी त्याचं नाव तिथे दिसतं. मग तो मजकूर त्या फॉन्टच्या कन्व्हर्टरमधून, म्हणजे जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या साधनातून, काढायचा. फॉन्टचं नाव कळल्याशिवाय कन्व्हर्टरला हात लावू नका. श्रीलिपीचा मजकूर कृतिदेवाच्या कन्व्हर्टरमधून काढलात तर हाती नवा गोंधळ येईल. दुसरं, लेखात अधूनमधून खरी इंग्रजी नावं असतात, ती कन्व्हर्टरमध्ये गेली की त्यांचीही विचित्र देवनागरी होते. वर्डमध्ये 'होम' च्या टोकाला 'सिलेक्ट' आहे, त्यात 'सिलेक्ट टेक्स्ट विथ सिमिलर फॉरमॅटिंग'. एका मराठी ओळीवर कर्सर ठेवून ते दाबलं की त्याच फॉन्टातला मजकूर निवडला जातो आणि इंग्रजी बाजूला राहतं. यामुळे वाचणारी मेहनत फार मोठी आहे. सभासदांचे फोन नंबर किंवा बँकेचे तपशील असलेल्या याद्या ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाकू नका. त्यातले बरेच कन्व्हर्टर एका साध्या पानावर चालतात, ते पान मशीनवर जतन करून नेट बंद असतानाही वापरता येतं.

यानंतर प्रूफ वाचणं आलंच, आणि ते मराठी डोळ्यांनीच व्हायला हवं. कृतिदेवात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठते. 'दिवस' मध्ये आधी वेलांटी, मग द. युनिकोडमध्ये आधी द, मग वेलांटी. रफार उलट अक्षराच्या नंतर साठतो. कन्व्हर्टरला ही उलटापालट करावी लागते, आणि जोडाक्षर आलं की हलका कन्व्हर्टर चुकतो. म्हणून 'स्थिती', 'निश्चित', 'कार्यक्रम', 'मूर्ती' असे शब्द शोधून आधी तपासा. दुसरी चाचणी खास आपली. हिंदीला ऱ्य लागत नाही, त्यामुळे हिंदीसाठी लिहिलेल्या बऱ्याच कन्व्हर्टरांत डोंगरातल्या दऱ्यांचा दर्या होतो आणि 'दुसऱ्या' चा 'दुसर्या'. ळचंही बघा, 'मंडळ' शब्द प्रत्येक पानावर असतोच. आणि एक बारकावा: हे अर्धचंद्रासारखं ऱ्य युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिलं जातं, एक ऱ या स्वतंत्र अक्षराने, दुसरं र, हलन्त आणि न दिसणाऱ्या एका जोडचिन्हाने. दिसायला सारखं, सर्चमध्ये निराळं. पूर्ण फाइलीत एकच रीत ठेवा, नाहीतर सूचीत एकाच लेखकाची दोन नावं होतील.

फाइल पेजमेकरची, म्हणजे प्रेसमध्ये पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरची, असेल तर आणखी एक पायरी वाढते. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७, ती २००१ मधली. त्याच कंपनीचं आजचं इनडिझाइन त्या फाइली उघडत नाही. जुनं मशीन चालू असेल तर ते विकण्याआधी पेजमेकरमधूनच एकेका लेखावर कर्सर ठेवून 'एक्स्पोर्ट' ने मजकूर बाहेर काढा. मशीन गेलं असेल तर लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये ६ आणि ७ च्या फाइली उघडून पाहा. मांडणी विस्कटते, पण मजकूर बऱ्याचदा हाती लागतो आणि आपल्याला तोच हवा असतो. तेही नाही जमलं तर छापील अंक ३०० डीपीआयला स्कॅन करा आणि टेसेरॅक्ट नावाच्या मोफत ओसीआरला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करून देणाऱ्या सॉफ्टवेअरला, द्या. त्याला मराठी येते. छपाई स्वच्छ असेल तर पुन्हा टाइप करण्यापेक्षा प्रूफ वाचणं निश्चितच सोपं.

नूतनीकरणाच्या दारात अडकलेली यादी

एका मराठी वाचनालयाचं उदाहरण सांगते, कारण त्यात वरचं जवळपास सगळं एकत्र आलं. पुस्तकांची नोंद एका छोट्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये होती. लेखक, शीर्षक, दाखल क्रमांक, देणगीदार, सगळं ग्रंथपाल ताईंनी वर्षानुवर्षं एकटीने भरलेलं. वार्षिक फी वाढली, समितीने भरली नाही, आणि सॉफ्टवेअर पहिल्याच पडद्यावर थांबायला लागलं. ताईंनी फोन केला तेव्हा पलीकडून उत्तर आलं, "मैडम, डेटा तो आपका ही है, पर फॉर्मेट हमारा है। रिन्यू करा लो, खुल जाएगा।" ताईंनी फोन ठेवला आणि जुनी हाताने लिहिलेली दाखल वही कपाटातून काढली. ती वही मात्र लगेच उघडली.

अशा वेळी सॉफ्टवेअर काढून टाकू नका, मशीन फॉरमॅट करू नका. सॉफ्टवेअर ज्या फोल्डरमध्ये बसलंय तिथे जा, फाइली साइजप्रमाणे लावा आणि सगळ्यात मोठी, अलीकडे बदललेली फाइल शोधा. अख्खा फोल्डर आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि पुढचं काम त्या कॉपीवरच करा. वाचनालयात ती फाइल एमडीबी निघाली, म्हणजे मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसची. छोट्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आत बऱ्याचदा हेच असतं, बाहेरून नाव काहीही असो. ती लिब्रेऑफिस बेसमधून उघडता येते, विंडोजवर त्यासाठी मोफत मिळणारं ॲक्सेस डेटाबेस इंजिन बसवावं लागतं. इंजिन आणि लिब्रेऑफिस दोन्ही ६४ बिटचे हवेत, नाहीतर जोडणी होत नाही आणि कारणही नीट कळत नाही. टेबलं दिसली की एकेक सीएसव्हीमध्ये, म्हणजे रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत, काढा. शीर्षकांच्या रकान्यात रोमन पसारा होता, तो जुन्या फॉन्टाचा. रकाना वेगळा काढून वरच्या पद्धतीने युनिकोड केला. दाखल वहीशी पडताळत ताईंनी जिथे वेलांट्या चुकल्या होत्या त्या हाताने नीट केल्या.

सीएसव्ही एक्सेलमध्ये थेट डबल क्लिक करून उघडू नका. मराठीच्या जागी डोक्यावर खुणा असलेली रोमन अक्षरं आणि भलतीच चिन्हं दिसतील, आणि त्याच अवस्थेत सेव्ह केलं तर मराठी कायमची गेली. 'डेटा' मेनूत 'फ्रॉम टेक्स्ट सीएसव्ही' मधून आणा आणि एन्कोडिंगला ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ निवडा, ती युनिकोड साठवायची रीत आहे. दाखल क्रमांकाच्या सुरुवातीला शून्य असेल तर त्या रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट' ठेवा, नाहीतर शून्यं गळतात.

डेटा फाइलला पासवर्ड असेल तर मात्र सॉफ्टवेअरवाल्याशीच बोलावं लागतं, आणि ते लेखी बोला. सगळ्या टेबलांची सीएसव्ही प्रत मागा. एकदाच लागणारे वाजवी पैसे देऊन मिळत असेल तर घ्या. तेही नाही झालं आणि सॉफ्टवेअर मुदतीपर्यंत चालत असेल तर मुदत संपायच्या आत प्रत्येक रिपोर्ट पीडीएफ म्हणून छापून ठेवा. नवीन सॉफ्टवेअर घेताना डेमो दाखवणाऱ्याला पहिल्या भेटीत एकच काम सांगा: दहा नोंदी भरा आणि त्या आत्ता माझ्यासमोर एक्सेलमध्ये काढून दाखवा. तो "हो जाएगा" म्हणाला आणि दाखवलं नाही, तर दुसरा माणूस बघा.

फोनमधलं

थोडक्यात. गूगलची १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहे, आणि १ जून २०२१ नंतर चढवलेले फोटो त्यात मोजले जातात. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही त्यातच. तो बॅकअप व्हॉट्सॲपशिवाय कशातही उघडत नाही, म्हणून जे संभाषण खरोखर जपायचं आहे ते त्या चॅटमध्ये जाऊन 'एक्स्पोर्ट चॅट' ने साध्या मजकुरात काढा. फोटो टेकआउटने काढले की काही फोटोंची तारीख शेजारच्या जेसन फाइलीत वेगळी येते. त्या जेसन फाइली कचरा समजून पुसू नका. फोन केबलने जोडून फोटो थेट डिस्कवर उतरवणं अजूनही सगळ्यात सरळ, ज्यांना जमेल त्यांनी तेच करावं.

तरीही अडलात तर

मदत मागताना "फाइल उघडत नाही" एवढंच लिहू नका, त्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही. फाइलचं पूर्ण नाव आडनावासकट, केबीमध्ये साइज, शेजारी ढग आहे की हिरवी खूण, मजकुराच्या फॉन्टचं नाव, आणि ती शेवटची कोणत्या मशीनवर कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली होती, हे लिहा. पडद्याचा फोटो पाठवताना त्यात कुणाचा फोन नंबर किंवा खाते क्रमांक दिसत नाही ना, ते पाहा. पेजमेकरची फाइल असेल तर आवृत्तीही सांगा. आणि उत्तर येईपर्यंत जुनं मशीन भंगारवाल्याला देऊ नका, जुनं खातं बंद करू नका.